दारावरच्या पिठाच्या रेघा

आमची भट्टी मी विझवली. नवऱ्याने नाही, सासूबाईंनी नाही, मी. एकतीस वर्षांपूर्वी सासऱ्यांनी ती पेटवली, तेव्हापासून तिच्यातला विस्तव एकदाही गेला नव्हता. सासरे गेले त्या दिवशीसुद्धा पाव निघाले होते. अशा भट्टीतले निखारे मी एका संध्याकाळी, कुणालाही न विचारता, ओढून बाहेर काढले आणि वाळूत पुरले.

का, ते सांगते. पण मुळापासून सांगते, कारण मधूनच सांगितलं तर लोक मला वेडी म्हणतील. पूर्ण ऐकून घेतल्यावरही काही जण म्हणतातच.

माझा नवरा पाववाला. रात्री बारा-साडेबाराला उठायचं, पहिली कणीक मळायची, ती फुगेपर्यंत साचे पुसून ठेवायचे, मग दुसरी कणीक. दुसरी कणीक फुगून लाकडी पेटीच्या काठाला लागायला अर्धा तास घेते आणि त्या अर्ध्या तासात त्याला काहीही काम नसतं. दुसरा कुणी असता तर पोत्यांवर आडवा झाला असता. हा मागच्या अंगणात जाऊन उलट्या खोक्यावर बसतो, पाठ दाराला टेकून आणि तोंड दक्षिणेला करून. दक्षिणेलाच का, तर उत्तरेला आमचंच घर आणि आमचंच धुराडं, एका बाजूला शिंप्याची माडी, दुसऱ्या बाजूला तिची चुलती वाटावी अशी उंच पाण्याची टाकी. दक्षिणेला मात्र दूध डेअरीची बुटकी पत्र्याची शेड आहे आणि तिच्यावर सगळं आभाळ मोकळं.

त्या आभाळातलं त्याला कुणी काही शिकवलं नाही. चार तारे बघून त्याने आधी त्यांना पतंग असं नाव ठेवलं होतं. मग लायब्ररीतून पुस्तक आणलं आणि त्याला कळलं की हा त्रिशंकू, त्याच्या मागोमाग येणारे दोन तेजस्वी ते मित्र आणि मित्रक, आणि उजव्या हाताला एकटाच चमकत बसतो तो अगस्त्य. आठवडाभर घरात दुसरा विषय नव्हता. सासूबाई म्हणाल्या, "अरे, कोण हे मित्र? जेवायला येणार आहेत का?" घाईत असला की तो अजूनही पतंगच म्हणतो.

मग त्याला उल्कांचं वेड लागलं. तारा तुटला की तो मान खाली घालायचा नाही, वहीत बघायचा नाही. पिठाचं बोट नुसतं मागे न्यायचं आणि दाराच्या काळ्या फळीवर एक रेघ ओढायची. एखादी मोठी असली तर तो ओरडायचा, "मोठी!" आणि मी आत कणकेचे गोळे तोडत असायची, ती वर घड्याळात बघून वेळ वहीत लिहायची. सकाळी दारावरच्या रेघा मोजायच्या, आकडा वहीत घालायचा, दार पुसायचं. पाव विकायला दुकान उघडायच्या आत हे सगळं झालेलं असायचं.

घड्याळाचं म्हणाल तर ते भट्टीतलं, कणकेच्या पेटीवर टांगलेलं. लग्न झालं तेव्हा नवरा इतका झोपाळू होता, की त्या घड्याळाशी थोडी लबाडी करूनच मला त्याला माणसात आणावं लागलं. ते असो.

नऊ वर्षं वही चालली. आणि नऊ वर्षांत त्याच्या एक गोष्ट लक्षात आली, की वर्षातून एकदा, ठरलेल्या तीन पहाटांना, त्रिशंकूच्या पायथ्याकडून उल्का येतात. इतर दिवशी अर्ध्या तासात दोन किंवा तीन रेघा. त्या तीन दिवशी पंधरा, सतरा, एकदा तर बावीस. ज्या वर्षी चांदणं होतं त्या वर्षी वहीत नुसतं 'चांदणं' असं लिहिलंय. न दिसलेलं दिसलं म्हणून लिहायचा त्याचा स्वभाव नाही. पुस्तकात या उल्कांचं नाव नव्हतं. त्याने तीनदा पुस्तक चाळलं, मग लायब्ररीतल्या बाईंकडून आकाश मंडळाचा पत्ता घेतला आणि वहीची सुवाच्य नक्कल करून पाठवून दिली. ती नक्कलही मीच केली, हे पुढे लक्षात ठेवा.

उत्तर यायला दोन महिने लागले. पाकीट आलं ते सकाळी सातला, दुकानासमोर रांग असताना. माझ्या नवऱ्याने काय करावं? गड्याला इतका आनंद झाला, की पाकीट तिथेच फोडलं आणि आत काय आहे ते न बघता मोठ्याने वाचायला लागला. "आपण पाठवलेल्या नोंदी मिळाल्या. त्या वेळी अन्य कोणत्याही निरीक्षकाने उल्का पाहिल्याची नोंद नाही. आपला व्यवसाय लक्षात घेता, आपण पाहिलेल्या उल्का या आपल्याच भट्टीच्या धुराड्यातून उडालेल्या ठिणग्या असाव्यात." शेवटचा शब्द त्याने जवळजवळ तोंडातल्या तोंडात वाचला, पण त्याआधीचे सगळ्यांनी ऐकले होते.

रांगेत डेअरीचा सुपरवायझर होता. माणूस वाईट नाही, पण जिभेला हाड नाही. तो म्हणाला, "काय हो, ठिणगीशेठ! चार पाव द्या, आणि त्यावर दोन तारे घाला!" सगळी रांग हसली. मीसुद्धा हसले असते, मागे वळून नवऱ्याचं तोंड बघितलं नसतं तर.

त्या दिवसापासून गल्लीत तो ठिणगीशेठ झाला. पोरंसोरं म्हणायची, शिंपी म्हणायचा. नवऱ्याने एकदाच तोंड उघडलं. "ठिणगी लाल असते," तो मला म्हणाला. "वारा नेईल तिकडे जाते आणि डोळ्यांदेखत काळी पडते. एकतीस वर्षं ठिणग्यांतच गेली की माझी. मला ठिणगी ओळखता येत नाही?" मग त्याने दार साबणाने धुतलं, खोका सरळ करून त्यात रिकामे डबे भरले आणि वही साखरेच्या पोत्यामागे टाकली. दुसरी कणीक फुगत असताना तो आता तिच्याकडे बघत बसायचा. कणकेकडे किती वेळ बघणार माणूस? मला त्याचा इतका राग यायचा, आणि त्याहून जास्त वाईट वाटायचं.

दहा महिने असे गेले. त्या तीन पहाटा जवळ आल्या तशी मी विचारलं, "अहो, यंदा बसणार ना?" तो म्हणाला, "नाही. आता कधीच नाही." हा माणूस रागावला तर मला चालतं. पण तो हे शांतपणे म्हणाला, साचे पुसता पुसता. एवढ्या कष्टांत स्वतःचं म्हणून त्याने जे एक राखलं होतं, ते कायमचं बंद होणार होतं, आणि तेही एका कागदाच्या चिटोऱ्यामुळे.

मग मी मंडळाच्या चिटणिसांना पत्र लिहिलं. त्यात लिहिलं, 'ठिणग्यांचीच शंका आहे ना? मग मी भट्टी विझवते. तुम्ही या आणि स्वतःच्या डोळ्यांनी बघा. भट्टी थंड असताना काही दिसलं नाही, तर आम्ही मान्य करू आणि पुन्हा तुम्हाला त्रास देणार नाही.' चिटणीस असं पत्र वाचून येतील अशी मला खात्री नव्हती. पण ते आले.

पोस्टातून निवृत्त झालेले, बारीक अंगाचे, दोन्ही मनगटांवर एकेक घड्याळ. दोन कशाला, असं सासूबाईंनी विचारलंच. "एक बंद पडलं तर, आजी," ते गंभीरपणे म्हणाले. दोन्ही घड्याळं ते रोज रेडिओच्या ठोक्यावर लावायचे. बरोबर एक जाडजूड फाईल होती. ते दारात उभे राहिल्यावरच नवऱ्याला सगळं कळलं, आणि तो आत भट्टीकडे धावला. निखारे मी तासाभरापूर्वीच काढले होते.

"अगं, काय केलंस हे?" तो भट्टीच्या तोंडाशी हात धरून उभा होता, आजारी माणसाचं अंग बघावं तसा. "बाबांनी पेटवलेली भट्टी!"

मी काही बोलायच्या आत सासूबाई म्हणाल्या, "तुझ्या बाबांना पुन्हा काडी लावता यायची. तुला येत नाही का?" आणि विषय संपला.

त्या रात्री गल्लीला दुसऱ्या दिवशीचा पाव मिळणार नव्हता. भट्टीच्या खोलीला मी कुलूप लावलं. आत अंधार, कणीक नाही, ऊब नाही. आम्ही सगळे पुढच्या खोलीत दिव्याखाली चहा पीत बसलो. चिटणिसांनी आमच्या नोंदी समोर ठेवल्या होत्या. "तुमच्या वहीप्रमाणे सुरुवात सव्वातीनला होते," ते म्हणाले. "आपण बरोबर तीनला बाहेर जाऊ. डोळ्यांना अंधाराची सवय व्हायला पंधरा मिनिटं लागतात."

नवरा मात्र बसेना. अडीच वाजायच्या सुमारास तो उठला आणि मागच्या दाराकडे निघाला. मी म्हटलं, "अहो, बसा! अजून वेळ आहे." तो बसला. पाच मिनिटांनी पुन्हा उठला. "एवढ्यात दुसरी कणीक पेटीत पडली असती," तो पुटपुटला. मी म्हटलं, "आज कणीक नाही. साहेबांच्या मनगटावर दोन-दोन घड्याळं आहेत, तुमच्या कणकेवर कोण विश्वास ठेवणार? गप बसा." दोनदा मी त्याला हाताला धरून बसवलं. ते आठवलं की अजून माझी कानशिलं गरम होतात.

तीनला आम्ही मागचं दार उघडलं आणि त्याच क्षणी समोर डेअरीचे मोठे दिवे लागले. सगळं अंगण पांढरंफटक झालं. त्रिशंकू गेला, मित्र गेले, अगस्त्य फिकट तेवढा उरला. खोक्यातले डबे काढून नवरा त्यावर टेकला आणि आम्ही अर्धा तास बसलो. एकही उल्का नाही. भट्टी थंड, धुराडं थंड, आभाळ पांढरं.

"ताई, मला वाईट वाटतं," चिटणीस म्हणाले. त्यांना खरंच वाटत होतं, आणि त्यामुळेच मला जास्त लागलं.  नवरा खोक्यावरून उठला आणि खोका उचलून आत न्यायला लागला.

माझ्या अंगाचा तिळपापड झाला. आजच मेल्याने दिवे लवकर लावले! मुद्दाम! आम्ही कुणाला बोलावलंय ते त्याला कळलं असणार. मी पदर खोचला, रस्ता ओलांडला आणि थेट डेअरीच्या केबिनमध्ये घुसले. सुपरवायझर दुधाच्या कॅनवर खडूने आकडे टाकत होता.

"लाज नाही वाटत? एक दिवस! एक दिवस दिवे वेळेवर लावले असते तर काय दूध नासलं असतं?"

तो खडू हातात धरून बघतच राहिला. "वहिनी, वेळेवरच लावले की. तीनला. रोज तीनलाच लागतात, गाड्या येतात ना."

"खोटं बोलू नका! रोज पावणेचारला लागतात. एकोणीस वर्षं बघतेय मी!"

त्याने टेबलावरचं रजिस्टर माझ्यापुढे सरकवलं. तीन. तीन. तीन. पानभर तीन आणि प्रत्येकापुढे सही. "पावणेचार कुठल्या घड्याळात बघता, वहिनी?" त्याने विचारलं. या वेळी तो चेष्टा करत नव्हता.

कुठल्या घड्याळात. मी तिथेच खुर्चीवर बसले. मग उठले आणि पळत सुटले, माझ्या वयाच्या बाईने पळू नये तशी. भट्टीच्या खोलीचं कुलूप काढलं, बॅटरी वर मारली. घड्याळात साडेचार वाजायला पाच कमी होते.

"साहेब!" मी ओरडले. "साहेब, तुमच्या घड्याळात किती?"

"तीन चाळीस. दोन्हींत."

"पंचेचाळीस मिनिटं! हे घड्याळ पंचेचाळीस मिनिटं पुढे आहे! मीच केलंय! हे उठायचे नाहीत म्हणून, लग्नाच्या पहिल्या वर्षी!"

आम्ही तिघंही त्या घड्याळात बघताना मनातल्या मनात ते मागे घ्यायचो. भाजी बाजार, डॉक्टर, बस, कशालाच कधी चुकलो नाही. पण "मोठी!" असं ऐकलं, की मी पिठाच्या हाताने घाईघाईत काटे बघायची आणि जे दिसेल तेच लिहून टाकायची. नऊ वर्षं. आणि मग नक्कल करताना तेच आकडे पुन्हा, सुवाच्य अक्षरात. नवऱ्याला काय माहीत? तो कणकेवर बाहेर जायचा आणि कणकेवर आत यायचा. दिवे लागले की आभाळ संपायचं, त्याला वेळेशी काय करायचंय? त्याचं नाक कापलं होतं ते धुराड्याने नव्हे, मी कापलं होतं. मी तिथेच रडायला लागले.

चिटणीस मात्र माझ्याकडे बघत नव्हते. त्यांनी पुढच्या खोलीत जाऊन फाईल उघडली होती आणि तिच्यातून कागदांचा एक वेगळा गठ्ठा काढला होता. "दूर खाली, किनाऱ्यावर एक दीपगृह आहे," ते म्हणाले. त्यांचा आवाज बदलला होता. "तिथला रखवालदार गेली चार वर्षं याच तीन पहाटांच्या नोंदी पाठवतो. आम्ही त्याही बाजूला ठेवल्या. आमचा नियम आहे, दोन वेगळ्या ठिकाणांहून दोघांनी पाहिल्याशिवाय यादीत घ्यायचं नाही. आणि त्याच्या वेळेला दुसऱ्या कुणीच काही पाहिलं नव्हतं. त्याला आम्ही कळवलं, की हे दिव्याच्या काचेतलं प्रतिबिंब असावं." त्यांनी गठ्ठ्याची दोरी सोडली. "ते पत्रही मीच लिहिलं होतं."

मग त्यांनी बोट ठेवून वाचलं. "मागच्या वर्षी, दुसरी पहाट. दोन वाजून सत्तेचाळीस. अतिशय मोठी."

नवरा अजून खोका धरून दारात उभा होता. वही पोत्यामागे होती, तिच्याकडे तो वळलासुद्धा नाही. "हिरवी," तो म्हणाला. "मित्रच्या खालून निघाली आणि टाकीच्या मागे गेली. मागे धूर राहिला, मी वीसपर्यंत मोजलं तोवर दिसत होता."

चिटणिसांनी कागद जवळ धरला. "रंग हिरवा," त्यांनी वाचलं. "मागे रेघ राहिली, सुमारे वीस सेकंद."

मी पोत्यामागून वही काढली. तीन वाजून बत्तीस, मोठी. चिटणिसांनी बोटांवर नव्हे, कागदावर मांडून वजाबाकी केली, पोस्टातला माणूस. दोन सत्तेचाळीस. मग पुढची. मग त्याआधीच्या वर्षीची. ते वाचायचे, मी वही उलटायची, आणि दर वेळी पंचेचाळीस मिनिटं काढली की दोन माणसं, एक भट्टीमागे आणि एक समुद्रकाठी, एकाच उल्केकडे बघत बसलेली असायची. अकरा मोठ्यांपैकी नऊ जुळल्या. सासूबाईंनी विचारलं, "म्हणजे ठिणग्या नाहीत ना?" चिटणीस उठून उभे राहिले. "आजी, या भट्टीची ठिणगी दीपगृहापर्यंत गेली असेल, तर मला आधी या भट्टीवर लेख लिहावा लागेल."

नवऱ्याने खोका खाली ठेवला. उलटा ठेवला, बसायचा असतो तसा.

"अजून दोन पहाटा आहेत," चिटणीस म्हणाले. "मी राहतो. मला स्वतःला बघायचंय. फक्त एक करा. भट्टी पेटवा."

"ठिणग्या उडतील," नवरा म्हणाला.

"उडू द्या. मला फरक दाखवायला तुम्ही आहात ना?"

नवऱ्याने सकाळी काडी लावली. भट्टी तापायला दिवस गेला आणि दिवसभरात ही हकिकत गल्लीत पसरली, कारण पाव नव्हता आणि जो तो का नाही म्हणून विचारत होता. सासूबाईंना सांगायला माणसं हवीच असतात. रात्री दोनला मी मागचं दार उघडलं, तर अंगणात शिंपी, शिंप्याची बायको, तिची जाऊ, लायब्ररीतल्या बाई, असा निम्मा मोहल्ला चादरी गुंडाळून उभा. दुसरी कणीक पेटीत पडली तसा नवरा पिठाचे हात घेऊन बाहेर आला. त्याच्यासाठी सगळे बाजूला झाले.

दोन बत्तीसला पहिली आली. पांढरी, लांब, त्रिशंकूच्या पायाखालून निघून थेट आमच्या डोक्यावर. कुणीतरी "आई गं!" म्हणालं. नवऱ्याने हात मागे नेला आणि रेघ ओढली. त्याच वेळी धुराड्यातून ठिणग्यांचा एक झुबका उडाला, लाल, वाऱ्याबरोबर डुलत. चिटणीस त्याच्याकडे बघून नुसते हसले. या दोन गोष्टी एकच वाटाव्यात इतका आंधळा माणूस मी तरी अजून पाहिलेला नाही.

दुसरी, तिसरी. मग एकदम दोन. तीन वाजत आले तेव्हा दारावर एकोणीस रेघा होत्या. माझं सगळं लक्ष डेअरीकडे लागलं होतं. आता दिवे लागणार आणि हे संपणार. तीन वाजले. चिटणिसांनी डावं मनगट बघितलं, मग उजवं. दिवे लागले नाहीत.

"काय झालं तुमच्या दिव्यांना?" मी अंधारात विचारलं, कारण सुपरवायझर माझ्या शेजारीच उभा आहे हे मला त्याच्या दुधाच्या वासावरून कळलं होतं.

"फ्यूज गेलाय, वहिनी."

"कुठे गेलाय?"

त्याने खिशावर हात मारला. खिशात काहीतरी खुळखुळलं. "गाड्या आज कंदिलावर भरतायत पोरं. चार वाजता सापडेल बहुतेक."

आणि मग जे झालं ते माझ्या नवऱ्याने आयुष्यात कधी पाहिलं नव्हतं. नऊ वर्षं त्याने रोज तीनपर्यंतचं आभाळ बघितलं होतं, कारण त्यानंतरचं त्याला कुणी बघूच दिलं नव्हतं. त्रिशंकू आणखी वर चढला, मित्र-मित्रक पत्र्यापासून आणखी वर आले, आणि उल्का थांबायचं नाव घेईनात. जसजसा पतंग वर, तसतशा जास्त. त्याला वाटत होतं तो अख्खा खेळ बघतोय, आणि तो बिचारा दर वर्षी नुसती नांदी बघून आत जात होता! एक हिरवी आली आणि सगळं अंगण उजळून गेलं. मी शिंप्याच्या बायकोचं उघडं तोंडसुद्धा बघितलं. नवरा ओरडला, "मोठी!" आणि मी सवयीने आत धावणार, तोच चिटणीसही ओरडले, "तीन सव्वीस!"

नवऱ्याच्या बोटावरचं पीठ संपलं. मी आतून पीठ आणलं, ते त्याच्यापुढे धरलं, आणि बघते तर सगळे त्यात बोट बुडवतायत. चिटणिसांनी पटकन शिस्त लावली, प्रत्येकाने आभाळाचा आपापला तुकडा बघायचा, दुसऱ्याची उल्का आपली म्हणून मोजायची नाही. सुपरवायझरला टाकीच्या वरचा तुकडा मिळाला. त्याला एक दिसली तेव्हा तो इतका दणकून दारापाशी आला, की ती रेघ नव्हती, पंजाच होता. चार वाजता एकशे सात रेघा झाल्या. दार पुरलं नाही, शेवटच्या नऊ भिंतीवर आहेत.

वास आधी सासूबाईंना आला. "अरे, पाव!"

एकतीस वर्षांत आमच्या भट्टीत पाव करपला नव्हता. त्या पहाटे सगळीच्या सगळी पहिली खेप काळी ठिक्कर झाली. नवऱ्याने लांब दांड्याच्या फळीवरून ते पाव बाहेर काढले, त्यांच्याकडे बघितलं आणि हसायला लागला. दहा महिन्यांत तो हसला नव्हता. पोट धरून, डोळ्यांतून पाणी येईपर्यंत हसला, आणि अंगणातले सगळे हसले. मग सुपरवायझर पुढे आला, एक काळा पाव उचलला, मोडला आणि खाल्ला. "गरम आहे," तो म्हणाला. मग सगळ्यांनीच खाल्ले.

महिन्याभराने पाकीट आलं. पुन्हा सातला, पुन्हा रांगेत. नवऱ्याने ते फोडलं नाही. त्याने पाकीट काउंटरवरून सुपरवायझरच्या हातात दिलं. "तुम्ही वाचा," तो म्हणाला. "आवाज चांगला आहे तुमचा."

सुपरवायझरने घसा साफ केला. "दक्षिण आकाशातील हा उल्कावर्षाव मंडळाच्या यादीत या वर्षीपासून घेण्यात येत आहे. प्रथम निरीक्षक दोन. एक दीपगृहाचा रखवालदार आणि एक पाववाला."  मग रांगेकडे वळून त्याने शेवटचे दोन शब्द पुन्हा वाचले, डेअरीत ऐकू जातील इतक्या मोठ्याने. त्यानंतर त्या गल्लीत ठिणगीशेठ हा शब्द मी ऐकलेला नाही.

पाकिटात आणखी एक चिठ्ठी होती, वाकड्यातिकड्या अक्षरात. ती नवऱ्याने भट्टीत नेऊन एकट्याने वाचली. बराच वेळ बाहेर आला नाही, म्हणून मी आत गेले, तर तो कणकेच्या पेटीवर बसून डोळे पुसत होता. त्याने चिठ्ठी माझ्याकडे दिली. रखवालदाराने लिहिलं होतं, 'चार वर्षं मला वाटत होतं, मी एकटाच बघतोय. तुमच्याकडे ती हिरवी टाकीमागे गेली म्हणे. माझ्याकडे ती समुद्रावर विझली. पुढच्या वर्षी वेळ ठरवून बसू.'

मी म्हटलं, "सांगा, मी लिहून घेते उत्तर."

"नको," नवरा म्हणाला. "मी लिहितो." त्याने पीठ झटकलं, पेन घेतलं, वर घड्याळात बघितलं आणि कागदाच्या कोपऱ्यात वेळ लिहिली. मग माझ्याकडे बघून ती खोडली आणि पंचेचाळीस मिनिटं वजा करून पुन्हा लिहिली.